ट्रॅक्टरचे ऑइल मालकाने एकदा तरी स्वतःच्या हातांनी बदलावे

यंत्र विकत घेणे ही एक गोष्ट, आणि ते राखणे ही दुसरी. बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत बैलांच्या जोडीला, आणि पुष्कळ ठिकाणी बैलांच्या जागी, ट्रॅक्टर आला त्याला आता बराच काळ लोटला. उन्हाळ्यातील नांगरट, मृगातील पेरणी, दसऱ्याच्या सुमारास होणारी सोयाबीनची मळणी आणि तिच्यामागोमाग येणारी हरभऱ्याची पेरणी, ही सारी कामे चिखली-मेहकरच्या पठारापासून मलकापूर-नांदुऱ्याच्या पूर्णाकाठापर्यंत आज मोठ्या प्रमाणावर या यंत्राच्या भरवशावर चालतात. तथापि यंत्र घरी आले म्हणजे त्याची विद्याही घरी आली, असे होत नाही. कर्जाचे हप्ते मालक भरतो, ट्रॅक्टर ड्रायव्हर चालवितो आणि इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते फक्त मिस्तरीला ठाऊक असते, अशी स्थिती अनेक घरांत आढळते.

ही स्थिती पालटण्याचा एक साधा मार्ग आहे. यंत्राच्या हमीची मुदत संपली की मालकाने आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन-ऑइल, जाणत्या माणसाला शेजारी उभे करून, निदान एकदा तरी स्वतःच्या हातांनी बदलावे. बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी तपासणे हे जसे विस्तार कार्याचे अंग झाले आहे, तसेच हे काम शिकविणे हेही त्याचे अंग मानले जावे.

गाडीच्या आखापासून ट्रॅक्टरपर्यंत

यंत्राला वंगण घालणे हे शेतकऱ्याला नवे नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण घालण्याचे काम गाडीवान स्वतः करीत असे. त्यासाठी त्याने कधी सुताराला बोलावणे पाठविले नाही. चाक कुरकुरू लागले की काय करावयाचे, हे घरातील पोरासही ठाऊक असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशीही हीच जाण आहे. जो आपल्यासाठी ओझे ओढतो, त्याच्या अंगाला धन्याचा हात लागला पाहिजे. पुढे विहिरींवर तेलावर चालणारी इंजिने आली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या काळात मोटेच्या जागी इंजिनाचा आवाज गावोगाव ऐकू येऊ लागला.

ट्रॅक्टर मात्र शेतीत आला तो वेगळ्या वाटेने. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संघटना उभारली. कांस या चिवट गवताने व्यापलेली मध्य भारतातील जमीन नांगरून लागवडीखाली आणणे, हे तिचे एक प्रमुख काम होते. त्यासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीकरिता जागतिक बँकेने १९४९ साली भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडचा, नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचा भाग होता. यंत्रे आली तरी ती चालविणारी व राखणारी माणसे तयार केल्यावाचून भागणार नाही, हे लवकरच ध्यानात आले आणि १९५५ साली नर्मदाकाठच्या बुदनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. ते आजही शेती-यंत्रांचे शिक्षण देत आहे.

या इतिहासातून एक बोध घ्यावयाचा आहे. त्या काळी ट्रॅक्टर सरकारचा होता आणि त्याची निगा राखणारा माणूस शिकलेला व पगारी होता. आज ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या मालकीचा आहे, परंतु ते शिक्षण त्याच्या वाट्याला आलेले नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांतून यंत्राला अनुदान मिळते. यंत्राच्या ज्ञानाला अनुदान नसते, ते हाताने काम करूनच मिळवावे लागते.

ऑइलचे काम केवळ गुळगुळीतपणाचे नव्हे

इंजिनाला ऑइल लागते ते घर्षण कमी करण्यासाठी, एवढे बहुतेकांना माहीत असते. वस्तुतः त्याच्याकडे पाच कामे असतात. ते धातूच्या दोन भागांमध्ये अतिशय पातळ थर धरून त्यांची झीज वाचविते. जेथे पाणी पोहोचत नाही तेथील उष्णता वाहून नेते. जळणातून निघालेली काजळी आपल्यात धरून ठेवते. पिस्टनच्या कड्यांपाशी फट बुजवून दाब टिकविते. आणि आतील भागांना गंज चढू देत नाही. मिनिटाला १,८०० फेऱ्यांच्या गतीने चालणारे इंजिन २५० तासांत २ कोटी ७० लाख फेरे घेते. इतके फेरे होईपर्यंत एकच ऑइल ही पाचही कामे अखंड करीत असते.

म्हणूनच ऑइल काळे झाले की ते बाद झाले, हा समज बरोबर नाही. डिझेल इंजिनात नवे ऑइल थोड्याच तासांत काळे पडते. काजळी भागांवर न बसता ऑइलमध्ये तरंगत राहिली, असाच त्याचा अर्थ होतो. याच्या उलट, पट्टीवर पातळी भरलेली दिसते म्हणून ऑइल चांगले आहे, हा समज अधिक घातक होय. ऑइलमध्ये मिसळलेली रक्षक द्रव्ये कामात खर्ची पडतात. ती संपल्यावर उरते ते नुसते काळे तेल, आणि त्याच्या भरवशावर इंजिन झिजत जाते. कमी झालेल्या ऑइलमध्ये वरून लिटरभर नवे ओतणे म्हणजे ऑइल बदलणे नव्हे. घाण पाण्याच्या हौदात घागरभर स्वच्छ पाणी ओतल्याने हौद स्वच्छ होत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

केव्हा बदलावे

ऑइल महिन्यांवर नव्हे, तर इंजिनाच्या चालण्याच्या तासांवर बदलावयाचे असते. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत पहिला बदल ५० तासांच्या सुमारास आणि पुढील बदल साधारण २५० तासांनी सांगितलेला असतो. प्रत्येक यंत्राचा आकडा त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेत पाहावा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या ट्रॅक्टरला लावू नये. जो ट्रॅक्टर हंगामात भाड्याने रोज १० तास चालतो, त्याचे २५० तास अवघ्या २५ दिवसांत भरतात. म्हणजे पेरणीच्या घाईतच बदलाची वेळ येऊन ठेपते, आणि नेमकी तीच पुढे ढकलली जाते. याच्या उलट, ज्याचा ट्रॅक्टर घरच्या दहा-बारा एकरांपुरताच फिरतो, त्याचे तास वर्षभरात भरत नाहीत. तरीही त्याने वर्षातून एकदा ऑइल बदलावेच; कारण नुसते उभे राहूनही ओलावा व आम्ल यांमुळे ऑइल बिघडते.

पहिल्यांदा काम करताना

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून हँडब्रेक लावावा व चाकांना दगड द्यावेत. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे. थंड ऑइल घट्ट असल्याने घाण तळाशीच राहते, तर फार तापलेले ऑइल हात भाजते. मग इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी. ऑइल भरण्याचे वरचे झाकण उघडावे, चेंबरखाली रुंद तोंडाचे स्वच्छ भांडे ठेवावे आणि बरोबर मापाच्या पान्याने खालचा नट सैल करावा. शेवटचे आटे हाताने फिरवून नट झटकन बाजूला घ्यावा.

येथे पहिल्यांदा काम करणाराची एक नेहमीची चूक सांगणे अगत्याचे आहे. ट्रॅक्टरच्या पोटाखाली एकापेक्षा अधिक नट असतात. त्यांपैकी इंजिनाच्या चेंबरचा नट पुढच्या बाजूस असतो, आणि मागे गिअरबॉक्सचे व हायड्रॉलिकचे नट असतात. घाईत मागचा नट उघडला तर गिअरचे ऑइल वाहून जाते, आणि त्यावर कळस म्हणजे इंजिनात दुप्पट ऑइल भरले जाते. म्हणून पुस्तिकेतील चित्र पाहून आधी नट नक्की करावा, मगच पाना लावावा.

ऑइल निथळण्यास पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. तेवढ्या वेळात फिल्टर काढावा. जुन्या फिल्टरचे रबरी कडे कधी कधी बैठकीलाच चिकटून राहते. ते न काढता नवा फिल्टर बसविला तर दोन कडी एकावर एक येऊन ऑइल गळते. बैठक स्वच्छ कापडाने पुसावी, नव्या फिल्टरच्या कड्याला बोटाने नवे ऑइल लावावे आणि आट्यांचा फिल्टर हातानेच आवळावा. कडे टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा पुरे होतो. पान्याने जोर लावू नये. खालच्या नटाचे वायसर चेपलेले असल्यास नवे घालावे आणि नट घट्ट बसवावा, पण आटे मोडतील इतका आवळू नये.

नवे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते, त्यातील पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि दुसरा आकडा इंजिन तापल्यावर त्याचा दाटपणा किती टिकतो ते सांगतो. आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या आकड्याचे महत्त्व विशेष आहे. सीलबंद डबाच घ्यावा आणि पावती मागून घ्यावी. सुटे, स्वस्त ऑइल घेऊन वाचविलेले पैसे इंजिन वसूल करून घेते. सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमी ओतून पातळी पाहावी, मग उरलेले घालावे. पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पातळी असावी. तिच्या वर नसावी. त्यानंतर इंजिन सुरू करून मंद चालवावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही क्षणांत विझला पाहिजे; न विझल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. नट व फिल्टर यांपाशी गळती नाही ना ते पाहून इंजिन बंद करावे, आणि पाच मिनिटांनी पातळी पुन्हा तपासावी.

याच वेळी एअर क्लीनरकडेही लक्ष द्यावे. नांगरट व मळणी यांच्या धुळीत तो भरून गेला असेल तर नव्या ऑइलचा उपयोग राहत नाही. धूळ इंजिनात शिरून आतील भाग घासत राहते.

जुने ऑइल मालकाशी बोलते

हे काम मिस्तरीकडून करून घेता येत असताना मालकाने हात काळे का करावेत, असा प्रश्न साहजिकच निघतो. त्याचे उत्तर भांड्यात पडलेल्या जुन्या ऑइलमध्ये आहे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरत आहे. त्याला डिझेलचा वास येत असेल आणि पट्टीवर पातळी आपोआप वाढलेली असेल, तर इंधन गळून ऑइलमध्ये मिसळत आहे. उन्हात धरल्यावर त्यात धातूची चकाकी दिसली, तर आतील एखादा भाग झिजत आहे. भरले त्याहून बरेच कमी निघाले, तर ऑइल जळत किंवा गळत आहे. ही लक्षणे मे महिन्यात दिसली तर मृगाच्या आधी उपाय करण्यास वेळ मिळतो. तीच जून महिन्यात, जमिनीत वाफसा असताना, इंजिन जाम होऊन कळली तर पेरणीचे दिवस हातचे जातात.

या हानीचा हिशेब मांडून पाहावा. ऑइल व फिल्टर यांचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिनाचे काम निघाले तर तो खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. त्याशिवाय कोरडवाहू जमिनीत पेरणीचे जे चार-सहा दिवस जातात, त्यांची भरपाई कोणत्याही पैशाने होत नाही. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असेल तर बंद पडलेल्या यंत्राचाही हप्ता चालूच राहतो.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर दोन-तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप हमीचा. हमीच्या मुदतीत अधिकृत ठिकाणीच काम करून घ्यावे, पुस्तिकेत नोंद करून घ्यावी व पावत्या जपून ठेवाव्यात, हेच योग्य होय. मात्र त्या वेळी मालकाने चहाच्या टपरीवर न बसता यंत्राशेजारी उभे राहावे. ते त्याचे पहिले शिक्षण समजावे.

दुसरा आक्षेप असा की, अर्धवट जाणकाराच्या हातून यंत्र बिघडते. हे खरे आहे, आणि म्हणूनच पहिला बदल एकट्याने करू नये. ज्याने हे काम अनेकदा केले आहे त्याला शेजारी उभे करावे. पाना मात्र आपल्या हातात ठेवावा. पाहून आलेले ज्ञान लवकर विसरते, हाताने केलेले काम विसरत नाही.

तिसरा आक्षेप मिस्तरीच्या पोटाचा. गावातील मिस्तरी हा शेतीचा मोठा आधार आहे, आणि त्याचे काम काढून घेण्याचा येथे हेतू नाही. यापुढे दर वेळी ऑइल मिस्तरीनेच बदलावे असे मालकाने ठरविले तरी हरकत नाही. परंतु एकदा स्वतः काम केलेला मालक फिल्टर खरोखर बदलला की नुसता पुसला, हे ओळखतो. कोणते ऑइल घातले, हे विचारतो. आणि प्रामाणिक मिस्तरीची कदर करू शकतो. जाणत्या गिऱ्हाइकामुळे चांगल्या कारागिराचे कधी नुकसान होत नाही.

जळके ऑइल मातीत ओतू नये

ऑइल बदलण्याचे काम घरी आले की त्याबरोबर एक जबाबदारीही घरी येते. काढलेले जळके ऑइल नाल्यात, धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतण्याची सवय घातक आहे. या जिल्ह्याच्या पठारी भागात विहिरींचे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून येते, आणि वरून ओतलेली घाण त्याच वाटेने खाली उतरू शकते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर गोडे पाणी मुळातच दुर्मिळ आहे. तेथे एक विहीर नासणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. जळके ऑइल जनावरांच्या खरजेवर किंवा जखमेवर लावू नये, आणि चुलीत अथवा शेकोटीत जाळू नये. त्यात धातूंचे अंश असतात. ते वारंवार अंगाला लागल्यास त्वचेचे विकार होतात व कर्करोगाचा धोकाही संभवतो. म्हणून काम करताना हातमोजे घालावेत, आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत.

धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे, आणि ते परत गोळा होऊन पुन्हा उपयोगात यावे यासाठी उत्पादकांवर जबाबदारी टाकणाऱ्या तरतुदी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्या आहेत. शेतकऱ्याने एवढेच करावे: जळके ऑइल झाकणाच्या डब्यात साठवावे, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू नये, डब्यावर ठळक नाव लिहावे, मुलांच्या हाती लागणार नाही असा तो ठेवावा, आणि जेथून जळके ऑइल अधिकृत रीतीने पुढे पाठविले जाते अशा विक्रेत्याकडे किंवा गॅरेजमध्ये तो पोहोचवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याने बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाबरोबर ऑइल बदलण्याचे प्रात्यक्षिकही घ्यावे. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. ज्याच्या ट्रॅक्टरचे तास भरले आहेत अशा शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्याच ऑइलने, पंधरा-वीस मालक व ड्रायव्हर जमवून दीड-दोन तासांत हे काम होते. मे महिन्यात पेरणीपूर्वी एक आणि सप्टेंबरात मळणीपूर्वी दुसरे, अशी दोन प्रात्यक्षिके प्रत्येक मोठ्या गावात व्हावीत. पाना कार्यकर्त्याने हाती धरू नये. तो मालकाच्या हाती द्यावा. घरातील स्त्रियांनाही आवर्जून बोलवावे. पुष्कळ घरांत हिशेबाची वही त्यांच्याच हाती असते, आणि ऑइलचे काम मुळात हिशेबाचे काम आहे.

शेतकरी गटांच्या अवजारे बँकांकडे विशेष लक्ष पुरविणे जरूर आहे. ज्या ट्रॅक्टरचे मालक पंधरा असतात, त्याचे ऑइल बदलणारा कोणीच नसतो. अशा गटाने एका सभासदाचे नाव ठरवून त्याच्याकडे हे काम सोपवावे. अवर मीटरचा आकडा, बदलाची तारीख, ऑइलचा दर्जा व माप यांची नोंद एका वहीत ठेवावी, आणि पुढील बदल किती तासांना आहे ते नव्या फिल्टरवर रंगाने लिहावे. भाडे ठरविताना ऑइलचा खर्च तासांच्या हिशेबाने त्यातच धरावा, म्हणजे वेळेवर पैसे नाहीत ही सबब उरत नाही.

शेतकऱ्याने मिस्तरी व्हावे, अशी कोणाचीही अपेक्षा नाही. पण ज्याने बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखले, पानाच्या रंगावरून पिकाची भूक ओळखली, त्याला भांडेभर ऑइल पाहून इंजिनाची प्रकृती ओळखता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. त्यासाठी एक सकाळ, एक पाना आणि हात काळे करून घेण्याची तयारी एवढेच लागते. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक ट्रॅक्टर-मालकाने आपल्या यंत्राची पुस्तिका पेटीतून बाहेर काढावी, अवर मीटरचा आकडा पाहावा आणि या कामाचा दिवस ठरवावा.